पाय कुठे काढून ठेवता?

८ सप्टेंबर, सोमवार

ट्रस्टच्या ऑनलाइन कार्यशाळेत आज सगळ्यांना आपापल्या कामाचा हेतू एका वाक्यात लिहायला सांगितला. पुढे काही महिने रोज थोडं लिहून तो तपासायचा. जगन्नाथकाकांनी लिहिलं, 'रिटायर होईस्तोवर कंबर शाबूत ठेवणे.' मी लिहिलं, 'माप चुकू न देणे.' प्रशिक्षकबाई म्हणाल्या, हा हेतू नाही, ही पद्धत झाली. फरक कळला नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण सांगितलेलं काम अर्धवट सोडणं मला जमत नाही.

मी कृत्रिम पाय बनवते. त्याची पदवी असते हे इथे कुणाला खरं वाटत नाही. जाफराबादला बसस्टँडमागे ट्रस्टचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. पुढच्या खोलीत मी माप घेते आणि रुग्णाला चालवून बघते. मागच्या खोलीत काका प्लास्टरचा साचा ओततात आणि भट्टीत तापवलेलं प्लास्टिक त्यावर ओढतात. आई जालन्याला असते. मी इथे भाड्याच्या खोलीत.

पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं आहे. धावपटूंसाठी कार्बनचे पाय, मापाला स्कॅनर, प्लास्टरची धूळ नाही. ऑक्टोबरअखेर कळवायचं आहे. उत्तर ठरलेलं आहे, फक्त पाठवायचं राहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

जयवंताबाई तपासणीला आल्या. धावड्याच्या अलीकडे मेंढपाळांची वस्ती आहे, तिथल्या. वय पंचेचाळिशीचं. गेल्या वर्षी मेंढरं रस्ता ओलांडत असताना एका पिकअपने त्यांना उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. यंदा जूनमध्ये मी त्यांना पाय दिला. माझ्या हातून झालेला हा सर्वांत नेमका पाय आहे.

चाल सरळ. गुडघा स्थिर. कातडीवर दाबाची लाली नाही. सॉकेटचं, म्हणजे पाय ज्या वाटीत बसतो तिचं, अस्तर नव्यासारखं. ट्रस्टने दिलेले कॅनव्हासचे बूट पांढरेशुभ्र. चिखलाच्या दिवसांत इतकी निगा दुसरा कुणी रुग्ण राखत नाही. दोन्ही तळहातांना जाड घट्टे आहेत, शेतकामाचे असावेत.

"दुखतं का?"

"न्हाई माय."

"बूट घालता ना? घरातही?"

"घालते की."

"काही अडचण?"

"बिलकुल न्हाई. बरंय."

मग त्यांनी पिशवीतून भाकरी आणि अंबाडीची भाजी काढली. रुग्णांकडून काही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. मी तो सांगितला. त्या म्हणाल्या, "नियम तुझा, भाकर माझी. खाय." आणि मी खाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. "एकटीच राहती का?" विचारलं. मी हो म्हटलं. "सैपाक?" मी म्हटलं, करते कधी कधी. यावर त्यांनी काकांकडे असं पाहिलं, जणू चूक काकांची होती.

ट्रस्टच्या अहवालात यशस्वी उदाहरण म्हणून त्यांचा फोटो पाठवला.

२० सप्टेंबर, शनिवार

पाऊस. एकही रुग्ण नाही. आईचा फोन. "पुण्याला गेलीस की माणसांत येशील." मी म्हटलं, इथेही माणसंच आहेत. "ती तुझी माणसं आहेत का?" मी रेंज नाही म्हटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जयवंताबाई पुन्हा आल्या. बोलावलेलं नव्हतं. दोन जीपगाड्या बदलून यावं लागतं, शिवाय रस्ते वाहून गेलेत. "आली आपली सहज," म्हणाल्या. आज ठेचा होता.

जाताना त्यांनी विचारलं, "तुळशीचं लगीन झाल्यावर लई चालायचं झालं, तं ह्यो पाय टिकंल का?"

मी सांगितलं, पाय टिकेल. बूट घालून, सपाट जमिनीवर, अंतर हळूहळू वाढवायचं.

"सपाट," त्या म्हणाल्या. "मंग ठीक."

पुढचा रुग्ण थांबला होता. काका नंतर म्हणाले, "तिला कायतरी इचारायचं व्हतं." मी म्हटलं, विचारलं की त्यांनी, आणि मी उत्तरही दिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे पाहिलं ते क्रमाने लिहिते.

धावड्याला तपासणी शिबिर होतं. ते लवकर आटोपलं. परतताना जीप वस्तीच्या फाट्यावर थांबली, म्हणून उतरले. इथे आलोच आहोत तर घरी चाल कशी आहे ते बघावं, एवढाच विचार होता.

पहिल्या घरापुढे एक बाई बाजरी पाखडत होती. जयवंताबाईंची जाऊ, सत्यशीला.

"तुमी पायवाल्या मॅडम?" ती सूप टाकून उभीच राहिली. "अगं बया! जरा थांबा, पाणी आणते, हितंच बसा." तिने मला ओट्यावर बसवायची फार घाई केली. पण मला मागचं अंगण दिसत होतं.

जयवंताबाई जमिनीवर बसून, दोन्ही तळहात टेकवत, अंग पुढे ढकलत अंगण ओलांडत होत्या. दातांत एका कोकराच्या गळ्यातली दोरी धरली होती. पाय अंगावर नव्हता.

तो आत होता, खुंटीला. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला. शेजारी पिशवीत पांढरे बूट.

त्यांनी मला पाहिलं. दातांतली दोरी हातात घेतली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आली का माय. च्या टाक गं सत्यशीला."

मी विचारलं, पाय कधीपासून घालत नाही?

सत्यशीला बोलली. "घालती की. तुमच्याकडं यायचं असलं की घालती. जीपमधून उतरली का जाफराबादच्या स्टँडवर बांधती, वापस आली का सोडती. म्या कितींदा म्हन्लं, सांग त्या पोरीला. तं म्हनती, लई उमेदीनं बनिवला तिनं. एकटी राहती, एकटी जेवती. तिला काय सांगू, तुझा पाय खुंटीला हाय म्हणून?"

"गप गं," जयवंताबाई म्हणाल्या.

मी कारण विचारलं. हे माझं काम आहे. त्यांनी उंबरठ्याकडे बोट केलं. एका बाजूला चूल, कोनाड्यात देव, खाली सारवलेली जमीन. "हितं बूट घालून कोन येतं माय? तू येशील का?"

माझे बूट ओट्याखाली होते. ते कधी काढले, माझं मलाच कळलं नव्हतं.

"बूट काढला का मागं वढल्यावानी व्हतं. दोनदा पडली चुलीपाशी. दिवसातून कितींदा आत, कितींदा भाईर. किती येळा बांधू, किती येळा सोडू?"

हे मला कळायला हवं होतं. पावलाची मांडणी बुटाच्या टाचेच्या उंचीला धरून करतात. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते, पाऊल आणि सॉकेट जोडणारी नळी मागे कलते आणि माणूस मागे जातो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, आकृतीसह. म्हणून तर मी प्रत्येकाला सांगते की घरातही बूट घाला. आणि प्रत्येकजण हो म्हणतो.

मग जयवंताबाईंचा नवरा म्हस्कू मेंढरं घेऊन आला. उंच, कमी बोलणारा. त्याच्याकडून तुळशीच्या लग्नाचं कळलं. ते लग्न लागलं की मेंढरं निघतात, ती थेट मृगालाच परत येतात. रानोरान पाल, म्हणजे कापडाचा तंबू, ठोकायचा. जयवंताबाई स्वतःचं लग्न झाल्यापासून दर वर्षी जायच्या. कोकरं, चूल, घोडं, सगळं त्यांच्याकडे. गेल्या वर्षी पहिल्यांदा मागे राहिल्या.

"न्यायला काय, मी आजच नेतो," म्हस्कू म्हणाला. "पण मी दिसभर मेंढरामागं. पालावर ही पडली तं उचलंल कोन?" रागाने नाही, हिशेबाने म्हणाला. मला त्यात चूक सापडली नाही.

"घर खायाला उठतं वं," जयवंताबाई म्हणाल्या. मला नाही, कोकराला.

मी चहा प्यायले आणि जीपची वेळ विचारली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

न घासलेलं अस्तर, न मळलेले बूट, न दुखणारी कातडी, हातांचे घट्टे. सगळं समोर होतं. मी त्याला निगा म्हटलं.

काकांना सांगितलं. ते प्लास्टर कालवत होते. म्हणाले, "तू इचारती, बूट घालता ना? मास्तरनं 'अभ्यास केला ना' इचारल्यावर न्हाई म्हणनारं लेकरू तू पाह्यलंय का?"

"मग काय विचारू?"

"ते मला काय ठावं? शिकलेली तू हायेस."

दुपारभर विचार करून रुग्णांना फोन लावले. दुखतं का, हे विचारलं नाही. भिवा म्हणून एक आजोबा आहेत, त्यांना विचारलं, "पाय कुठे काढून ठेवता?"

"ओट्यावर," ते चटकन म्हणाले. "चपलांपाशी."

बेबीनंदा नावाच्या बाईंना विचारलं. "दाराभाईर. पायपुसन्यावर." आणखी एकाला. "कुत्रं नेतं म्हणून उंचावर ठेवतो. पण भाईरच."

ते पाय घालून गावभर फिरतात आणि दाराशी आले की पाय चपलांच्या ओळीत ठेवून, भिंतीला धरून, लंगडी घालत आत जातात. मी त्यांना चालायला शिकवलं ते फक्त घराबाहेर.

१२ ऑक्टोबर, रविवार

अनवाणी चालायचं रबरी पाऊल असतं. टाच सपाट, पाणी चालतं, चिखल चालतो. नवीन काही नाही. आमच्याकडे संचात बुटाचं पाऊल येतं, म्हणून आम्ही ते लावतो. ट्रस्टला मेल केला. दिवाळीनंतर बैठकीत ठेवू म्हणाले. दिवाळीनंतर उशीर होईल.

छत्रपती संभाजीनगरला आकांक्षा आहे, माझ्या वर्गातली. कॉलेज सुटल्यापासून तिला फोन केला नव्हता. ती म्हणाली, "तू? आणि मदत मागतेस? थांब, बसते आधी." पाऊल बसने पाठवते म्हणाली.

१९ ऑक्टोबर, रविवार

वस्तीवर गेले. काकाही आले. मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "कंबरेला जीपचे धक्के चांगले असत्यात."

केंद्रात मी आरशासमोर, फरशीवर, दोन दांड्यांच्या मधे चालवून मांडणी ठरवते. आज चूल ते दार, दार ते अंगण, अंगण ते कोकरांचा वाडा. बूट कुणाच्याच पायात नव्हते. सारवलेल्या जमिनीला दाराकडे उतार आहे. तो केंद्राच्या फरशीवरून कधीच दिसला नसता.

उभं राहणं जमलं. मग मी म्हटलं, आता भाकरी करायला बसा, रोज बसता तशा. त्या बसल्या.

"मागून रुततं का?"

"न्हाई. बरंय."

पण त्यांनी पदराचा काठ मुठीत धरला होता. मी गुडघ्यामागे एक बारीक काठी सरकवून बघितलं. सॉकेटची मागची कड मांडीत शिरत होती. पेन्सिलने खूण केली आणि कड घासून उतरवली. पुन्हा बसवलं. पुन्हा "बरंय". पुन्हा पदर मुठीत. पुन्हा उतरवली. तिसऱ्यांदा त्यांनी पदर सोडला आणि पिठाकडे हात नेला.

"बरंय म्हणू नका," मी म्हटलं. "होतं ते सांगा."

"तुला वाईट वाटंल."

"वाटू द्या."

"असं कसं वाटू द्यावं? तू काय परकी हायेस?"

काका घासणीने कड गुळगुळीत करत होते. ते थांबले. मी त्यांना म्हटलं, डावीकडे अजून थोडं.

सत्यशीला दारातून म्हणाली, "मॅडम, तिला मुकी समजू नका हां. तुमच्याम्होरंच मुकी हाय. आमाला तं रोज सोलती."

निघताना जयवंताबाई उंबरठ्यापर्यंत चालत आल्या. बाहेर आल्या. पाय पायातच होता. त्यांनी स्वतः ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी अवजारं भरत होते. अवजारं नीट भरावी लागतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. जालन्याला घरी. सकाळपासून किती वेळा चपला घालते आणि काढते त्याकडे लक्ष गेलं. दूध, फुलं, शेजारी, गच्ची. विचार न करता दर वेळी. एवढी वर्षं हे करत आले आणि लोकांना सांगत आले, घरात बूट घाला.

आईने विचारलं, पुण्याला कधी कळवतेस?

"तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावं लागेल."

"का? पुण्यात तुळस नसते?"

मग ती माझ्या ताटात वाढत राहिली. मी नको म्हटलं नाही. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक करंजी वाढली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पुण्याला लिहिलं: एका रुग्णाच्या नव्या मांडणीचं निरीक्षण मृगापर्यंत आवश्यक आहे, तरी रुजू होण्यास जूनपर्यंत मुदत मिळावी. त्यांनी तासाभरात कळवलं, शक्य नाही. मग मी नकार कळवला. कारण म्हणून 'निरीक्षण अपूर्ण' असं लिहिलं. ते खरं आहे.

काकांना सांगितलं तेव्हा ते पाठ फिरवून भट्टीचं तापमान बघत होते. भट्टी बंद होती.

ट्रस्टला नवी पद्धत लिहून पाठवली. पहिलं माप रुग्णाच्या घरी घ्यायचं. रुग्ण जिथे बसतो, स्वयंपाक करतो, देवापुढे उभा राहतो, तिथे त्याला बघायचं. पाऊल त्यानंतर ठरवायचं. 'दुखतं का' हा प्रश्न फॉर्मवरून काढला आणि त्या जागी दुसरा घातला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी टाकून वस्तीवर गेले. सत्यशीलाच्या दारात परवा तुळशीचं लग्न लागलं. मेंढरं उद्या पहाटे निघणार. जयवंताबाईंचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. मांडणी तपासायला आले, असं सांगितलं.

म्हस्कू ओट्यावर बसून दोऱ्या वळत होता आणि बघत होता. जयवंताबाईंनी हौदावरून कळशी भरून डोक्यावर घेतली. वाड्यापर्यंत नेली, रिकामी केली, परत आल्या. दुसरी भरली. अंगणात ओल होती. एकदा पाऊल सरकलं. म्हस्कू अर्धा उठला. त्यांनी तोल सावरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला.

बराच वेळ दोरी वळून झाल्यावर तो म्हणाला, "घोड्यावर सामान जरा कमी घालू."

"काहून?" सत्यशीलाने विचारलं.

"ही बसंल मधी मधी. ढेकळाचं रान आलं म्हंजे."

एवढंच. जयवंताबाई आत गेल्या. भांडी बांधायचा आवाज बराच वेळ येत होता, गरजेपेक्षा मोठा.

मी म्हस्कूला सांगितलं की त्रास झाला तर फोन करायचा, तुम्ही असाल तिथे मी येईन. त्याने माझा नंबर पाठ केला. दोनदा म्हणून दाखवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन नाही. याचा अर्थ एक तर सगळं ठीक आहे, किंवा पाय सामानात गुंडाळलेला आहे. कोणतं, हे इथे बसून कळायचा मार्ग नाही. आज दोन साचे मोडले. काका म्हणाले, "प्लास्टरला नगं रागवू."

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे मेंढरं ओरडत होती.

"ए पोरी! काय पाय दिलास गं हा!"

मी ओळखलं नाही. जयवंताबाई माझ्याशी अशा आवाजात कधी बोललेल्या नव्हत्या.

"ढेकळात पाऊल भाईर पळून राह्यलं. घाम आला का आत निसरतंय. मागचा पट्टा तं असा टोचतो, असा टोचतो, का रातीला मांडी लाल. आन् दिसभर सोडता येत न्हाई, सोडून करू काय, कोकरं कोन बघंल? सकाळधरनं पायात हाय. काय शिकली गं तू त्या कालेजात?"

मी म्हटलं, "सांगा. अजून?"

"आजून? लई हाय आजून! रंग कसला दिला, मेंढरं बी बघत्यात. फोनवर काय सांगू, हितं ये आन् बघ. केदारखेड्याच्या अलीकडं, सोयाबीन निघालेलं रान, इहिरीपाशी पाल हाय. जल्दी ये. परवा आमी म्होरं निघून राह्यलो. आन् आल्याबिगर राहू नको, न्हाई तं बघ!"

फोन बंद झाला. त्यांनीच केला.

उद्या सकाळच्या बसने निघते. कड गरम करून उतरवावी लागेल, पट्टा बदलावा लागेल, आतून घाम शोषणारं अस्तर. पाऊल थोडं आत वळवायचं. मी सामान काढत असताना काका मागच्या खोलीतून आले.

"जयवंताबाई का? काय म्हन्ली?"

"काहीच बरं नाही म्हणाल्या. एकही गोष्ट नाही. मला खूप बोलल्या."

"मंग शिट्टी काहून वाजवून राह्यली?"

मला शिट्टी वाजवता येत नाही, असं आजपर्यंत माझं मत होतं.